सुकी नहाणी

१२ जानेवारी २००३, रविवार

आले बाई एकदाची माझ्या घरी. 'माझ्या घरी' एवढं लिहायला मिळावं म्हणूनच ही नवी वही उघडली आहे. लग्न होऊन महिना झाला, पण इतके दिवस साखरशेतला दिरांकडे काढले. तिथे नाचणीच्या भाकऱ्या थापल्या, जावेच्या हाताखाली वावरले आणि सगळ्यांशी गोड बोलले. गोड बोलणं माझ्या स्वभावात नाही, त्यामुळे फार दमायला झालं. आज सकाळच्या एस.टी.ने आम्ही दोघं जव्हारला आलो.

'हे' म्हणजे धर्मेंद्र. आश्रमशाळेत विज्ञान शिकवतात. नाव तोंडाने घेत नाही, पण वहीत लिहायला काय हरकत आहे. माझं हे पहिलं लग्न, यांचं दुसरं. पहिली बायको चंद्रकला चार वर्षांपूर्वी बाळंतपणात गेली, बाळही गेलं. लग्नाआधी हे सगळं सांगितलेलं होतं, लपवाछपवी काही नाही. तरी आत शिरल्या शिरल्या मी आधी भिंती पाहून घेतल्या. तिचा फोटो कुठे लावलेला नाही. बरं वाटलं.

घर आटोपशीर आहे. पुढे दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर आणि त्याला लागून बाथरूम. हे बाथरूम बघून मी दारातच उभी राहिले. खालपासून वरपर्यंत गुलाबी टाइल्स, कोपऱ्यात संडास, आरशाखाली वॉश बेसिन, खाली पितळी जाळी. एक दार स्वयंपाकघरात उघडतं, दुसरं परसात, जिथे तांब्याचा बंब आहे. मला बघायला आले होते तेव्हा हे फार बोलले नव्हते. घरात आत बाथरूम बांधून घेतलंय, एवढंच म्हणाले होते. आईने तेवढ्यावरच होकार दिला असता.

वाड्याला आमच्याकडे मोरीला पडदा होता. मी थोरली, पण घरात सगळं धाकट्या दोघींना आधी. त्यांची लग्नंसुद्धा आधी झाली. माझ्या वाट्याला मामेबहिणींचे फ्रॉक, शेजारणीची पुस्तकं आणि चेन उतरणारी सायकल. नवरासुद्धा वापरलेलाच मिळाला, असं धाकटी लग्नात हसत म्हणाली. ते मी अजून विसरलेले नाही. पण हे बाथरूम कोरं आहे. यांनी नव्या बायकोसाठी बांधलं असणार, दुसरं कोणासाठी बांधतील? आज संध्याकाळी आत कडी लावून मी उगाचच बराच वेळ बसून राहिले.

१५ जानेवारी, बुधवार

जव्हारची थंडी काही औरच आहे. सकाळी हे स्वतः बंब पेटवतात, मला उठू देत नाहीत. भांड्यांना बायडी येते. ती जवळच्याच पाड्यावरची, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी असेल. शेजारी पुष्पावहिनी आहेत, त्यांचे यजमान पंचायत समितीत क्लार्क. त्यांच्याकडे फोन आहे आणि तो असल्याचं त्या विसरू देत नाहीत.

आज यांना विचारलं की मागच्या भिंतीला तो उंच पाइप कशाला लावलाय. गच्चीच्याही वर गेलाय आणि वर टोपी घातल्यासारखी जाळी आहे. झालं, गुरुजींना वर्ग मिळाला. एक बाटली पाण्याने भरून उलटी केली, ती गुडगुड करत रिकामी झाली. मग दुसऱ्या बाटलीच्या बुडाला भोक पाडून ती उलटी केली, तर पाणी सरळ गेलं, आवाज नाही. म्हणाले, पाणी खाली जाताना मागे हवा लागते. ती वरच्या पाइपातून मिळते.

मग बाथरूमच्या जाळीखालचं दाखवलं. तिथे वाडग्यासारखा भाग आहे, त्याला गवंडी लोक नहाणी ट्रॅप म्हणतात. त्यात नेहमी पाणी साचून राहतं आणि ते पाणीच खालच्या घाणीला वर येऊ देत नाही. हवेचा पाइप नसेल तर संडासात बादली ओतल्यावर हवा कुठून तरी ओढली जाणारच. मग ती नहाणीतूनच ओढली जाते, तिथलं पाणी गडप होतं आणि वाट मोकळी होते. इथल्या घरांना असा पाइप कोणी लावत नाही, गवंडीसुद्धा नको म्हणत होता, पण मी हट्टाने लावला, असं म्हणाले. बोलताना चेहरा किती उजळला होता. मला आपल्या नवऱ्याचा फार अभिमान वाटला.

२२ जानेवारी, बुधवार

एक गंमत लिहायची राहिली. हे रोज आंघोळ झाल्यावर बंबातलं कढत पाणी तांब्यात घेतात आणि जाळीवर बसून हळूहळू ओततात. ट्रॅप सुकू नये म्हणून, म्हणतात. अहो, दोन माणसं रोज आंघोळ करतात तिथे ट्रॅप सुकेल कसा? आणि ओतायचंच तर गार पाणी चालणार नाही का? मी विचारलं. साबणाचा चिकटा सुटतो, असं उत्तर मिळालं.

चालू दे. पण आज मी न्हायला गेले तर बंबात गरम पाणी उरलंच नव्हतं. नळ एक दिवसाआड येतो, त्यामुळे दुसरा बंब लावायची सोय नाही. केस गार पाण्याने धुतले आणि कुडकुडत बाहेर आले. हे म्हणाले, अरेरे. एवढंच. नहाणीला कढत आणि बायकोला गार, असं मी हसत म्हटलं. हे हसले नाहीत.

२ फेब्रुवारी, रविवार

आज सगळं कळलं. अक्षर वाकडं येतंय, येऊ दे.

पुष्पावहिनी हळद घ्यायला आल्या होत्या. मी बाथरूम घासत होते. त्या टाइल्सवर बोट फिरवत म्हणाल्या की सरांनी चंद्रकलेचा शब्द राखला हो, ती गेल्यावर का होईना. मी विचारलं, कसला शब्द? त्यांनी जीभ चावली आणि हळद न घेताच गेल्या.

मग बायडीला धरलं. चहा दिला, समोर बसवलं, तेव्हा बोलली. इथे आधी मातीची मोरी होती. चंद्रकलेला अचानक कळा सुरू झाल्या, बायडीची जाऊ रुपी सुईण, तिने सोडवलं. मूल उपजतच गेलेलं. त्यांच्यात रीत आहे तशी रुपीने बाळामागून पडलेली वार मोरीच्या कोपऱ्यात पुरली आणि वर सपाट दगड ठेवला. पाचवीपर्यंत बाळंतिणीने त्याच दगडावर बसून कढत पाण्याने न्हायचं. पाचवीला पूजा करायची, मग दगड काढून खड्डा बुजवायचा. पण पाचवीच्या आधीच चंद्रकला गेली. ताप चढला होता, श्वास पुरत नव्हता, खिडकी उघडा, हवा द्या, असं शेवटपर्यंत म्हणत होती. न्हाण अर्धंच राहिलं. रुपीने सरांना सांगितलं की पूजा करून दगड काढू, खड्डा बुजवू. सरांनी दगडाला हात लावू दिला नाही. चंद्रकलेला शहरासारखं बाथरूम हवं होतं आणि यांनी तिला कबूल केलं होतं. वर्षाने यांनी त्याच जागी कोबा करून घेतला. गवंडी म्हणत होता उतार दुसऱ्या कोपऱ्याला काढू, पण जाळी तिथेच बसली पाहिजे म्हणून हे अडून बसले. त्या दगडाच्या वर.

म्हणजे माझ्यासाठी नाही. मेलेल्या बाईसाठी गुलाबी टाइल्स. मेलेल्या बाईला हवा लागते म्हणून पाइप. तिला रोज कढत पाणी. आणि मी जिवंत बाई, माझ्या डोक्यावर गार.

मला तिचा राग येतो. मेलेल्या माणसाचा राग येऊ नये म्हणतात, मला येतो.

९ फेब्रुवारी, रविवार

आज परसातल्या दाराशी उभी राहून ऐकलं. लाज वाटली नाही. हे जाळीशी बसून पाणी ओतत होते आणि बोलत होते. शाळेत कोण काय म्हणालं, साखरशेतच्या भावाने कोणता बैल विकला, गुडघा कसा दुखतोय. माझ्याशी जेवताना 'मीठ दे' यापलीकडे शब्द नाही आणि तिथे सगळा हिशोब. आवाज इतका मऊ की मला तो ओळखूच येईना.

मी दार ढकलून आत गेले. खूप बोलले, आठवेल ते आणि सुचेल ते. यांनी तांब्या खाली ठेवला. शेवटी म्हणाले, सवय आहे गं, दुसरं काही नाही, बंद करतो. मी विचारलं, ती उत्तर देते का? यावर तांब्या उचलून परसात निघून गेले. नाही म्हणाले असते तर मी विषय सोडला असता.

१९ फेब्रुवारी, बुधवार

बंद केलेलं नाही. मी नळावर रांगेत असते तेव्हा उरकतात. तांब्या ओला दिसतो, जाळी कोमट लागते.

आज पलंगाखालच्या ट्रंकेत तिची साडी सापडली. मोरपिशी, बारीक काठाची. माझ्या लग्नातल्या साडीपेक्षा चांगली आहे. घडीत डांबरगोळ्या होत्या, त्याही ताज्या. तिच्या साडीला कसर लागू नये याची यांना काळजी आहे. माझ्या स्वेटरला भोकं पडली आहेत, त्यांच्याकडे कोण बघतं?

४ मार्च, मंगळवार

दहावीची परीक्षा सुरू होतेय. यांची नेमणूक खोडाळ्याच्या केंद्रावर झाली आहे, रोजचं जाणं-येणं जमणार नाही, तिथेच एका शिक्षकाकडे राहणार. बॅग भरताना मी वाट बघत होते की काहीतरी बोलतील. जपून राहा, एकटी आहेस, कंटाळा आला तर आईकडे जा. बोलले ते असं, मंजू, नहाणीत रोज कढत पाणी घाल, विसरू नकोस, मी हात जोडतो. आणि खरंच हात जोडले.

एस.टी. गेली असेल नसेल, मी बंबातली राख काढून टाकली. मोरपिशी साडी घेऊन गच्चीवर गेले. पाइपावरची टोपी हातानेच निघाली. साडी पिळून पिळून आत कोंबली, वरून प्लास्टिकची पिशवी घालून सुतळीने करकचून बांधली. खाली भांडी घासत असलेली बायडी वर बघत होती. तिला सांगितलं की पाइपात चिमण्या घरटं करतात.

आता घे हवा.

फार दिवसांनी हलकं वाटतंय.

५ मार्च, बुधवार

हे म्हणाले होते ते अगदी खरं निघालं. संडासात बादली ओतली तर नहाणीतून गुडगुड आवाज आला आणि जाळीखालचं पाणी एका घोटात गेलं. वाकून पाहिलं तर वाडगा कोरडा. गटाराचा वास येईल म्हणून नाकाला पदर लावला. पण तो वास नव्हता. शेपा, ओवा, शेगडीवरची धुरी, डोक्याला चोळलेलं तेल. बाळंतिणीच्या खोलीचा वास.

भीती वाटायला हवी होती, पण आधी संताप आला. माझ्या घरात तिचा वास. मी जाळीशी उकिडवी बसले आणि हे तिच्याशी बोलतात तशी मीही बोलले. ऐकतेस का गं? हे माझे आहेत. घर माझं आहे. तुझं पाणी आजपासून बंद. एवढं बोलून घेतलं तेव्हा बरं वाटलं. मग आंघोळ शेजारच्या कोपऱ्यात पाटावर बसून केली, जाळीत थेंब जाऊ दिला नाही, सगळं पाणी सुपलीने परसात लोटलं. कोणी पाहिलं असतं तर वेडी म्हणाले असते.

६ मार्च, गुरुवार

सकाळी पुन्हा गेले. रात्रभर नवी नवी वाक्यं सुचली होती, ती सगळी सुनावली. तुला मूल झालं नाही, मला होईल. तुझी साडी मी कुठे कोंबली आहे ते बघ.

बोलून उठले आणि तोंड धुवायला बेसिनशी वळले तेव्हा मागून आलं. बारीक, ओल्या कापडातून यावं तसं. घर माझं आहे.

ते कालचं वाक्य होतं. आवाज माझा होता. नवीन शब्द शिकणारं मूल म्हणतं तसा एकेक शब्द सुटा, पण माझाच.

पाइपात घुमून परत आलं असेल. हे असते तर विज्ञान सांगितलं असतं. पण कालचं वाक्य आज कसं घुमेल?

७ मार्च, शुक्रवार

घसा बसला आहे. थंडीत केस ओले ठेवले त्याचं हे फळ. गुळण्या केल्या.

बायडी भांडी घासता घासता आत आली आणि काय पाहिजे म्हणून विचारू लागली. मी तर पुढच्या खोलीत वाती वळत होते. ती म्हणाली, "बाय, आथांच त हाक मारलीस. पानी आन, म्हणलीस. न्हाणीतनं." मी नाही म्हणून मान हलवली. तिने माझ्याकडे पाहिलं, बाथरूमच्या दाराकडे पाहिलं आणि हातातलं पातेलं तसंच खाली ठेवलं.

मग विचारलं, तू तिच्याशी बोललीस का? मी कशाला खोटं बोलू, बोलले म्हणाले. पाणी दिलंस का? नाही म्हणाले. मग बायडीने सांगितलं. अर्ध्या न्हाणातून गेलेल्या बाईला पाणी द्यावं, देऊन मग काय ते बोलावं. सर देऊन बोलत होते म्हणून सगळं ठीक होतं. "सुक्या तोंडाशी बोलू नाय, बाय. ती सबूद गिळते. तहान लागलेली रहते ना." तिच्या बोलीत सबूद म्हणजे शब्द.

तिने मला आत्ताच्या आत्ता वाड्याला जायला सांगितलं. सर आले की बघतील. मी गेले असते. चप्पल पायात घातलीही होती. मग वाटलं, हे खोडाळ्याहून येतील, घर मोकळं, मी नाही. हे बंब पेटवतील आणि तिच्याजवळ बसतील, जसे इतकी वर्षं बसले. मी गेले काय आणि राहिले काय, यांना कळणारही नाही.

चप्पल काढून ठेवली.

८ मार्च, शनिवार

आवाज पार गेला. बोलायला जाते तर नुसती हवा.

आज बंब पेटवला. तिचं पाणी तिला देऊन टाकू म्हटलं. माझा हेका गेला खड्ड्यात, मला माझा आवाज परत हवा. कढत पाणी ओतलं. पाणी जाळीवर उभं राहिलं, आत गेलंच नाही. आतून बुडबुडे आले. आणि माझ्या आवाजात, आता सुटं नाही, सलग —

तुझं पाणी आजपासून बंद.

मग हसली. माझं हसणं असं आहे हे मला माहीत नव्हतं.

९ मार्च, रविवार

पुष्पावहिनींनी कुंपणावरून बोलावलं. यांचा फोन आला होता. धावत गेले. धावताना दम लागला, दोन ठिकाणी थांबावं लागलं. रिसीव्हर कानाला लावला. अहो, या, लवकर या, असं म्हणायचं होतं. घशातून फुस् फुस् एवढंच निघालं. हे हॅलो हॅलो करत राहिले. लाइन खराब आहे म्हणाले. मग म्हणाले, ऐकू येत असेल तर ऐक, पाणी घालतेस ना रोज?

मंजू कशी आहेस, असं विचारलं नाही. मी रिसीव्हर ठेवला. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. वहिनी म्हणाल्या, घसा बसलाय तर बोलू नका, मघाशी बाथरूममधून केवढ्या मोठ्याने गात होता.

मी गात नाही. मला गाता येत नाही.

तिथून सरळ गच्चीवर गेले. सुतळी कापली, पिशवी काढली. पाइपात हात घातला. साडी नाही. खांद्यापर्यंत हात घातला, नाही. काठी घातली, पूर्ण काठी खाली गेली तेव्हा कुठे मऊ लागलं. कोणीतरी खालून ओढून घेतली आहे. हवा अजून बंदच.

हवा कुठून तरी ओढली जाणारच. बाटली उलटी करून हेच तर दाखवलं होतं यांनी. वरून नाही मिळाली तर —

तर माझ्याकडून.

१० मार्च, सोमवार

बायडी आली नाही. तिच्या घरून निरोप — आता येणार नाही.

श्वास पुरत नाही. बसून राहिलं तर पुरतो. बाथरूममध्ये पाणी ओतलं की इथे माझ्या छातीतून ओढलं जातं. म्हणून ओततच नाही. बाहेर शेतात जाते.

बाथरूमचं स्वयंपाकघराकडचं दार सकाळी उघडं होतं. आता आतून कडी आहे. मी लावलेली नाही.

आत कोणीतरी अंग चोळतंय. बांगड्यांचा आवाज. माझ्या हातात आहेत त्याच बांगड्या, तसाच आवाज.

अजूनही जाता येईल. पुष्पावहिनींना चिठ्ठी लिहून एस.टी.त बसवा म्हणता येईल. चिठ्ठी लिहिली. फाडली. गेले तर ती 'मी' होऊन बसेल. यांच्यापुढे ताट वाढेल. यांना फरक कळेल का?

कळणार नाही, याचीच भीती वाटते मला. तिची नाही वाटत एवढी.

११ मार्च, मंगळवार

पुष्पावहिनी आल्या होत्या. मी पुढच्या दाराला कडी लावली आहे, उघडायला उठवेना. त्या परसाकडून गेल्या. बाथरूमच्या दाराशी उभ्या राहून बोलल्या. आतून उत्तरं मिळाली. बरी आहे वहिनी. हळद घेऊन जा वहिनी, तेव्हा राहिलीच होती. वहिनी खुश होऊन गेल्या. इतक्या गोड झालात हो, असं म्हणत गेल्या.

मी भिंतीवर हात आपटत होते. त्यांना ऐकू गेलं नाही.

मी नव्हते गोड, मी जशी होते तशी — ते घर माझं —

१२ मार्च

हे आले. आज पेपर नव्हता म्हणून आले. एस.टी.तून उतरून थेट — चपला वाजल्या. पुढचं दार ढकलून पाहिलं. मंजू, अशी हाक.

मी स्वयंपाकघरात, जमिनीवर. उठता येत नाही. लिहिता येतंय फक्त.

आतून ती — अहो, आलात? मी न्हायला बसलेय. पाणी तापवा ना.

हे हसले. परसात गेले. ढलप्या फोडतायत. बंब पेटला. धूर इथपर्यंत.

दोन महिने झाले, माझ्यासाठी म्हणून पाणी कधी —

तांब्या भिंतीवर फेकला. वाजला. हे म्हणाले, काय पडलं?

ती — मांजर आहे हो.

परसाकडचं दार उघडलं. हे आत गेले. पाणी ओततायत. ऐकू येतंय. जाळीत पाणी जातंय, सरळ जातंय, आवाज नाही. छाती — ओढतंय — सगळं —

यांनी विचारलं, कढत झालंय का? ती म्हणाली, अजून द्या.

मंजू म्हणतायत तिला. माझं नाव. त्या आवाजात, मऊ. ज्या आवाजासाठी मी —

तोंड उघडलं. ओरडले. गुडगुड आली. घशातून. नुसती गुडगुड

हे म्हणाले, तू नव्हतीस ना गं अशी, मला वाटायचं तुझ्याशी बोलताच येणार नाही कधी. आता बोलू. रोज बोलू.

अहो ती मी नाही. दाराच्या या बाजूला आहे मी. कडी काढा. अहो मी इथे, मी मंजू, मी इ